वाटी रिकामी म्हणजे पोट भरलं असं नाही

प्रश्न : आमच्या सोनेरी हॅमस्टरची वाटी रात्री भरली की सकाळी रिकामी. सकाळी परत भरते, तीही तासाभरात साफ. वजन मात्र वाढत नाही. घरचे म्हणतात, तू त्याला उपाशी ठेवतेस. रोज नेमकं किती खायला घालायचं?

उत्तर : तो उपाशी नाही, घरच्यांना निर्धास्त करा. आज संध्याकाळी तो उठून चाकावर गेला की त्याच्या घरट्याजवळचा भुसा हलक्या हाताने बाजूला करा. वाटीतला माल बहुतेक तिथे सापडेल. हॅमस्टर वाटीशी बसून थोडंच खातो, बाकीचं सगळं घरी नेतो. त्याच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत पोचणाऱ्या पिशव्या असतात. घरट्यात गेला की पुढचे पंजे गालाच्या मागे टेकवून तो पुढे ढकलत जातो आणि एकेक दाणा तोंडातून बाहेर पडतो. हे एकदा शांतपणे बघाच. माझ्या तपासणीच्या टेबलावर घाबरलेला हॅमस्टर कधीकधी गाल तिथेच रिकामे करतो आणि शेजारी दाण्यांचा ढीग लागतो. एवढं सगळं त्या तोंडात मावलं होतं यावर मालकांचा विश्वास बसत नाही.

ही सवय लावलेली नाही, रक्तातली आहे. आज घरोघरी असलेले जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर 1930 साली सीरियात अलेप्पोजवळ एका बिळातून खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत. कोरड्या मुलखात राहायचं, दाणा मिळेल तेव्हा भरून ठेवायचा, ही त्यांची रीत. तुम्ही वाटी भरत राहिलात तर तो साठवत राहणार. त्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही, ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

मोठ्या सोनेरी हॅमस्टरला दिवसाला 10 ते 12 ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, बुटक्या जातींना साधारण त्याच्या निम्मं. चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका, काट्यावर मोजा. त्याच काट्यावर दर आठवड्याला त्याचंही वजन करा. वजन एका जागी टिकून असेल आणि अंगावर तुकतुकी असेल, तर तुमचं प्रमाण बरोबर आहे. खाणं संध्याकाळी एकदाच द्या, त्याचा दिवस तेव्हा सुरू होतो.

आता मिश्रणाबद्दल, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. रंगीबेरंगी दाण्यांच्या मिश्रणातून हॅमस्टर आधी सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे वेचतो. त्यांत चरबी भरपूर आणि कॅल्शियम कमी. उरलेलं चांगलं खाणं तसंच पडून राहतं आणि तुम्ही वाटी पुन्हा भरली की तो पुन्हा बियाच वेचतो. म्हणून मुख्य खाणं एकसारख्या गोळ्यांचं असू द्या, म्हणजे निवडानिवड करता येत नाही. पाकिटावर प्रथिनं 16 ते 20 टक्क्यांच्या आसपास आहेत ना, ते वाचून घ्या. मिश्रण द्यायचंच तर थोडं, आणि तेही भुशात विखरून. शोधून खाण्यात त्याची रात्र चांगली जाते.

ताजी भाजी नखाएवढी द्या. काकडी, गाजर, ब्रोकोली चालते. लेट्यूसमध्ये पाणीच फार, जास्त झालं की पोट बिघडतं. कांदा, लसूण, चॉकलेट, आंबट फळं, कच्चा राजमा, कडू बदाम आणि सफरचंदाच्या बिया अजिबात नकोत. बुटक्या जातींना मधुमेह लवकर होतो, म्हणून त्यांना मी फळंही देऊ देत नाही. असा हॅमस्टर अचानक फार पाणी प्यायला लागला तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

साफसफाई करताना साठा उधळू नका. ओलं, मऊ पडलेलं तेवढं काढा आणि कोरडे दाणे जागच्या जागी ठेवा. सगळा साठा गेला की बिचारा कावराबावरा होतो आणि दुप्पट जोमाने गोळा करायला लागतो.

प्रश्न : डॉक्टरताई, माझा हॅमस्टर रात्रभर पिंजऱ्याचे गज चावतो. बाबा म्हणतात, त्याचे दात वाढतात म्हणून तो ते घासतो. मी लाकडाचा तुकडा ठेवला, पण तो त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. मी सातवीत आहे.

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे. हॅमस्टरचे पुढचे चार पटाशीचे दात जन्मभर वाढतात. पण ते झिजतात मुख्यतः एकमेकांवर घासून. तो निवांत बसलेला असताना कान देऊन ऐक, कधीकधी बारीक किरकिर ऐकू येते. कडक खाणं आणि लाकूड त्याला मदत करतं. गजांची मात्र त्याला काहीच गरज नाही.

गज चावणारा हॅमस्टर बहुतेक वेळा सांगत असतो की ही जागा मला पुरत नाही. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काही हॅमस्टरना 10 सेंटिमीटर, काहींना 40 आणि काहींना 80 सेंटिमीटर खोल भुसा दिला होता. उथळ भुशातले हॅमस्टर गज जास्त चावत होते. कारण सोपं आहे : तो खणणारा प्राणी आहे आणि त्याला खणायलाच मिळत नव्हतं.

तेव्हा तुझ्या पिंजऱ्यात भुसा किती खोल आहे, पट्टी लावून मोज. बहुतेक पिंजऱ्यांचा तळ इतका उथळ असतो की खोल भुसा मावतच नाही. आईबाबांना सांग, वर जाळी असलेली लांबरुंद काचेची टाकी किंवा मोठी पेटी बघा, ज्यात निदान एका बाजूला 40 सेंटिमीटर भुसा राहील. देवदारासारखा उग्र वासाचा भुसा नको, त्याने श्वासाला त्रास होतो. चाकही तपास. धावताना त्याची पाठ वर वाकत असेल तर चाक लहान आहे.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळ : तो गज चावतोय म्हणून त्याला दाणा द्यायचा नाही आणि बाहेरही काढायचं नाही. ‘गज चावले की कुणीतरी येतं’ हे तो फार पटकन शिकतो. तू जे काही देणार आहेस ते तो शांत असताना दे. सतत चावून नाकावरचे केस जातात आणि दातही वाकडे होऊ शकतात, म्हणून हे टाळायचं.

लाकडाचं म्हणशील तर गुळगुळीत ठोकळा त्यांना फारसा आवडत नाही. सालासकट फांदी दे, सफरचंदाची किंवा विलोची, औषध न फवारलेली. पुठ्ठ्याच्या नळीत चार दाणे घालून तोंडं दुमडून ठेव. सकाळी नळीच्या कडा बघ, बारीक जोडखाचांच्या रांगा दिसतील. त्याच्या दातांची सही ती. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड मात्र नको.

प्रश्न : हॅमस्टरचे खालचे दात फार लांब आणि पिवळे दिसतात. नखं कापायच्या कटरने कापले तर चालेल का?

उत्तर : नाही, कृपा करून कापू नका. कटरने दात उभा चिरतो आणि चीर मुळापर्यंत जाऊन पू होतो. खालचे दात वरच्यांच्या सुमारे तिप्पट लांब असणं साहजिक आहे. पिवळा-नारिंगी रंग दाताच्या आवरणातल्या लोहामुळे येतो. मोठ्या हॅमस्टरचे दात पांढुरके पडले, तर उलट मला काळजी वाटते.

हनुवटी ओली राहणं, दाणा उचलून परत टाकणं, फक्त मऊ खाणं, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या. ते बारीक यंत्राने दात घासून देतात. जबडाच वाकडा जुळत असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा घासावे लागतात. जाताना त्याच्या रोजच्या खाण्याची पुडी बरोबर असू द्या, डॉक्टरांना तीही बघायची असते.