ठामपणे बोलायचं आणि समोरच्याचं ऐकूनही घ्यायचं, हे एकाच वेळी कसं जमवावं?

तुम्ही लिहिलंय की ठासून बोललं तर लोक हेकट म्हणतात आणि ऐकून घेतलं तर 'याला स्वतःचं मतच नाही' म्हणतात. मी आधी एवढंच बघते: आपण मांडतोय ती आपली इच्छा आहे, की एखादी गोष्ट कशी चालते याबद्दलची समजूत?

आमच्या घरचंच सांगते. १६ जानेवारी १९६७ चा गोव्यातला जनमत कौल. आजोबांनी फुलाला मत दिलं, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला. त्यांच्या धाकट्या भावाने दोन पानांना, म्हणजे वेगळं राहायला. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. पुढे कित्येक वर्षं दोघे सोप्यावर बसून त्यावरून भांडायचे आणि मग एकत्र जेवायचे. कुणी तसूभर हललं नाही. हलायचं कारणही नव्हतं, इच्छाच होती ती.

मी फसले ती दुसऱ्या प्रकारात. जुवारी नदीकाठी आमचं खाजन शेत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांधातल्या मानशीचं, म्हणजे पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार कुजलं आणि खारं पाणी आत शिरायला लागलं. ग्रामसभेत मी उभी राहिले: लाकूड नकोच, लोखंडी दार घाला, आणि दरवर्षी कुणीतरी तपासायला हवं. खर्चाचे आकडेही पाठ करून गेले होते! मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शांतपणे विचारलं, "बाय, हें दार धांपता कोण?"

मी गप्प. दार कुणीच लावत नाही. भरतीच्या रेट्याने ते आपसूक मिटतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतं. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजून बिजागरीत अडकलं तर शेत गेलंच.

तिथे 'बघू, विचार करू' असं पुटपुटून बसता आलं असतं. मी म्हटलं, "लोखंडाचं माझं चुकलं, ती माझी ऐकीव माहिती. पण दार कुजेपर्यंत कुणी फिरकत नाही, हे मी चार वर्षं डोळ्यांनी पाहतेय. ते मी सोडणार नाही." नेमकं काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, हे मोठ्याने सांगितलं की हेकटही कुणी म्हणत नाही आणि कच्चंही.

दार लाकडाचंच बसलं. तपासणीचा ठराव झाला, आणि पहिल्या वर्षी ओहोटीची वेळ साधून चिखलात उतरायला मलाच पाठवलं.