गाडी आपली, खाते मात्र जुन्या मालकाचे

प्रश्न : मी गेल्या महिन्यात एक जुनी मोटार घेतली. आरटीओत नावही बदलून झाले. परवा मूळ मालकांनी सहज सांगितले, की गाडी कुठे उभी आहे हे त्यांच्या मोबाइलवर अजून दिसते. हे कसे घडते आणि यावर उपाय काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. आरसी बुकावरचे नाव आरटीओ बदलते. परंतु गाडीत बसवलेल्या मोबाइल सिमकार्डामार्फत मोटार कंपनीच्या सर्व्हरवर जाणारी माहिती कंपनीच्या ॲपवरील ज्या खात्याला जोडलेली असते, ते खाते त्यासोबत आपोआप बदलेलच असे नाही. त्यामुळे मूळ मालक कितीही सज्जन असले, तरी आपले घर, कचेरी आणि मुलांची शाळा त्यांना दिसत राहते. काही गाड्यांचे दरवाजेही ॲपवरून उघडता येतात, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

ही गाडी त्यांच्या खात्यातून काढून टाकण्याची विनंती मूळ मालकांना करा. गाडीतल्या पडद्यावरून ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यास गाडीत साठलेले फोन नंबर, ब्लूटूथच्या जोडण्या आणि पत्ते पुसले जातात, पण सर्व्हरवरचे खाते तेवढ्याने सुटेलच असे नाही. तेव्हा दोन्ही करावे. अडचण आल्यास आरसीची प्रत जोडून कंपनीला लेखी कळवावे.

ठिकाणाखेरीज वेग, करकचून लावलेले ब्रेक आणि रात्रीचा प्रवास यांचीही नोंद अशा गाड्या ठेवू शकतात. जनरल मोटर्सने दर तीन सेकंदांपर्यंत इतक्या बारकाईने ठिकाणाची नोंद घेतली आणि चालकांची माहिती पुरेशा संमतीविना विकली, असा आरोप अमेरिकेत ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये केला. ती माहिती विम्याचे हप्ते ठरवताना वापरली गेली, हा त्यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो.

आपल्याकडे वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मात्र माहिती पाहण्याचा व पुसून घेण्याचा हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहे. तोवर नव्या खात्यात संमती देताना प्रत्येक पर्याय वाचावा, आणि ठिकाणाची नोंद बंद केल्यास अपघातात मदत मागवणारी सेवाही बंद पडेल का, हे कंपनीला आधी विचारून घ्यावे.