चौथ्या पिढीची, म्हणजे आजच्या भट्ट्यांच्या पुढच्या टप्प्याची अणुभट्टी अनेक देश मिळून बनवतात म्हणजे नेमकं काय करतात? भारत त्यात आहे का?

सगळे मिळून एकच भट्टी बांधतात, असं नाही. भट्टी ज्याची त्यानेच बांधायची. वाटून घ्यायचं ते चाचण्यांचं काम, त्यांचे निकाल आणि सुरक्षेचे निकष. 2001 साली नऊ देशांनी ‘जनरेशन फोर इंटरनॅशनल फोरम’च्या सनदेवर सह्या केल्या. पुढच्या वर्षी सहा प्रकार निवडले गेले: सोडियम, शिसं, वितळलेले क्षार आणि अतिक्रांतिक पाणी (इतक्या दाबाचं आणि तापमानाचं, की द्रव आणि वाफ यांत फरक उरत नाही) या शीतकांचे, म्हणजे भट्टीतली उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थांचे चार, हीलियमचे दोन. सामायिक तिजोरी नाही. प्रत्येक देश आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या खर्चाने काम करतो. त्यामुळे एखाद्या सरकारने हात आखडला की त्याच्या वाट्याचं काम अडतं. फ्रान्सने 2019 मध्ये ‘ॲस्ट्रिड’ ही 600 मेगावॉटची सोडियम भट्टी बांधण्याचा बेत सोडला, तेव्हा सगळ्यांनाच फटका बसला.

एवढं करून एकत्र का यायचं? कारण वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पोलाद फुगतं आणि ठिसूळ होतं. ते तपासायला नमुने वर्षानुवर्षं चालू भट्टीत ठेवावे लागतात, आणि तशा भट्ट्या जगात मोजक्याच आहेत. जपानची ‘जोयो’ ही अशीच चाचणी-भट्टी 2007 मध्ये थांबल्यावर तर ही टंचाई फारच जाणवली.

सोडियम 98 अंशांना वितळतो आणि 883 अंशांना उकळतो, म्हणून भट्टी जवळपास वातावरणाच्याच दाबावर चालते. मोठा फायदा आहे हा. पण हवेत तो पेटतो आणि पाण्याशी स्फोटक अभिक्रिया करतो. डिसेंबर 1995 मध्ये जपानच्या ‘मोन्जू’ या सोडियम भट्टीत दुय्यम परिपथातून (गाभ्याभोवतीच्या सोडियमकडून उष्णता घेऊन पुढे नेणाऱ्या दुसऱ्या नळमार्गातून) सुमारे 640 किलो सोडियम गळून आग लागली. कारण होतं तापमापकाची नळी. तिची जाडी जिथे एकदम बदलत होती, तिथे प्रवाहामुळे होणाऱ्या कंपनांनी धातू थकला आणि नळी तुटली. असे धडे एका देशापुरते राहू नयेत, यासाठीच हा खटाटोप. सोडियम भट्ट्यांसाठी सुरक्षा-रचनेचे सामायिक निकष 2013 मध्ये तयार झाले.

शिसं पेटत नाही, पण पोलादातलं निकेल विरघळवतं. त्यात विरघळलेला ऑक्सिजन अगदी मोजून ठेवावा लागतो: कमी पडला तर पोलादावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर टिकत नाही, जास्त झाला तर शिशाचं ऑक्साइड साचून मार्ग तुंबतात. शिवाय 327 अंशांखाली शिसं गोठतं, म्हणजे भट्टी बंद असतानाही नळ्या तापत्या ठेवायच्या.

भारत या गटात नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या ‘इनप्रो’ या नव्या भट्ट्या आणि इंधनचक्रांवरच्या प्रकल्पात मात्र आहे. कल्पाक्कमची छोटी सोडियम भट्टी फ्रेंच सहकार्यातून आखली गेली. 1974 च्या पोखरण अणुचाचणीनंतर फ्रान्सकडून समृद्ध युरेनियम मिळेना, तेव्हा ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्लुटोनियम-युरेनियमचं मिश्र कार्बाइड इंधन तयार झालं आणि 1985 मध्ये भट्टी त्यावरच सुरू झाली. कार्बाइडवर इतकी वर्षं चाललेली भट्टी विरळाच. हा अनुभव त्या गटाच्या टेबलावर नाही, हे मला दोन्ही बाजूंचं नुकसान वाटतं.