पब्लिक मेथड लपवता येत नाही, प्रायव्हेट बदलता येत नाही: असं का?

पब्लिक मेथड पोटक्लासमध्ये लपवता का येत नाही आणि प्रायव्हेट बदलता का येत नाही, असं तू विचारलंस; यात खरं तर दोन प्रश्न आहेत. (मेथड म्हणजे क्लासमधला एक काम करणारा कोडचा तुकडा; पब्लिक म्हणजे कुणालाही बोलावता येणारी, प्रायव्हेट म्हणजे फक्त त्याच क्लासपुरती.) ‘बिल’ क्लासमधली ‘एकूण’ ही पब्लिक मेथड ‘उधारीबिल’ या पोटक्लासमध्ये (म्हणजे ‘बिल’वरून बनवलेल्या क्लासमध्ये) प्रायव्हेट केलीस, तर जावाचा कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम, अडवतो. पण ‘बिल’मध्ये प्रायव्हेट असलेली ‘सूट’ मेथड ‘उधारीबिल’मध्ये पुन्हा लिहिलीस, तर तो काहीच बोलत नाही. चालते मात्र जुनीच. नोट्समध्ये नियम आहे, कारण नाही, ही तुझी तक्रार बरोबर आहे.

आधी पहिलं. चाटी गल्लीतल्या दुकानदाराच्या हातात कागद आला, वर ‘बिल’ लिहिलंय. आत रोखीचं आहे की उधारीचं, हे तो बघत बसत नाही, थेट एकूण विचारतो. कंपायलरही तसाच. व्हेरिएबलचा प्रकार ‘बिल’ असेल तर त्याला तेवढंच दिसतं, आत कुठला ऑब्जेक्ट येणार ते प्रोग्रॅम चालल्यावर ठरतं. ‘बिल’नं सगळ्यांना दिलेला शब्द पोटक्लासनं मोडला, तर ते कळायला तोवर उशीर झालेला असतो. म्हणून ‘वीकर ॲक्सेस प्रिव्हिलेजेस’ (परवानगी कमी केलीस) म्हणत कंपायलर आधीच अडवतो. उलट दिशेनं, म्हणजे प्रोटेक्टेडची (पोटक्लासना दिसणारीची) पब्लिक करायला, हरकत नाही. जास्त दिलं तर कोण भांडणार?

हीच एरर इंटरफेसमध्येही (क्लासनं कुठल्या मेथड्स लिहायच्या त्याची यादी) हमखास येते. इंटरफेसमधली साधी मेथड न लिहिताही पब्लिक असते. क्लासमध्ये ती लिहिताना ‘पब्लिक’ शब्द विसरला, की ती पॅकेजपुरती (एकत्र ठेवलेल्या क्लासच्या गटापुरती) होते, म्हणजे ॲक्सेस कमी झाला. नवी पोरं इथं तासभर तरी अडकतात.

आता दुसरं, आणि हे जास्त घातक, कारण इथं एररच येत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग मी लिहिलं होतं. मूळ क्लासमध्ये ‘कर’ मेथड प्रायव्हेट, एक्स्पोर्टच्या क्लासमध्ये मी त्याच नावाची दुसरी लिहिली. परदेशच्या बिलावर गावातलाच कर लागायला लागला! संक्रांतीला अख्खं सोलापूर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, आणि मी दोन दिवस स्क्रीनसमोर कडक भाकरी मोडत बसलेलो. चूक माझीच की ओ. प्रायव्हेट मेथड पोटक्लासकडे येतच नाही. त्यामुळे तू लिहिलेली ‘सूट’ ही ओव्हरराइड (वरच्या मेथडची जागा घेणारी) नव्हे, फक्त नाव सारखं असलेली वेगळी मेथड. ‘बिल’च्या आत ‘एकूण’ जेव्हा ‘सूट’ला बोलावते, तेव्हा ती घरातलीच जुनी ‘सूट’ असते.

यावरचा उपाय जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून आहे: मेथडच्या डोक्यावर @ओव्हरराइड लिहायचं. वरच्या क्लासमध्ये ओव्हरराइड करण्याजोगं काही नसेल तर कंपायलर तिथंच ओरडतो. मी आता हे लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाही.

आणखी एक खड्डा. मेथडच्या आधी काहीच लिहिलं नसेल तर ती पॅकेजपुरती असते. पोटक्लास त्याच पॅकेजमध्ये असेल तर ओव्हरराइड होते, वेगळ्या पॅकेजमध्ये असेल तर होत नाही. म्हणजे फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेऊन पॅकेजचं नाव बदललं, एवढ्यानंसुद्धा प्रोग्रॅमची वागणूक बदलू शकते.

हे सगळं जावाचं. सी प्लस प्लसमध्ये चित्र निराळं आहे: तिथं प्रायव्हेट व्हर्च्युअल (ओव्हरराइड करता यावी म्हणून खूण केलेली) मेथडही पोटक्लास ओव्हरराइड करू शकतो. पब्लिक व्हर्च्युअल मेथड पोटक्लासमध्ये प्रायव्हेट केली तरी मूळ क्लासच्या पॉइंटरमधून (ऑब्जेक्टचा पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलमधून) ती बिनधास्त चालते, कारण परवानगी पॉइंटरच्या प्रकारावरून तपासली जाते. पायथॉनमध्ये नावाआधी दोन अंडरस्कोर दिले की नावाला क्लासचं नाव चिकटतं, म्हणून तिथंही दोन मेथड्स वेगळ्या राहतात.

तुझ्या कोडमध्ये मी असं केलं असतं: ‘सूट’ प्रोटेक्टेड, म्हणजे पोटक्लासनं बदलावी म्हणून मोकळी, आणि ‘एकूण’ पब्लिक फायनल, म्हणजे हिशोबाचा क्रम कुणी बदलू नये. फक्त जावात प्रोटेक्टेड मेथड त्याच पॅकेजमधल्या बाकीच्या क्लासनाही दिसते, हे ध्यानात ठेव.

आत्ता काहीच न बदलता ‘उधारीबिल’मधल्या ‘सूट’वर @ओव्हरराइड लावून कंपाइल कर. जी एरर येईल ती इथं टाक, मग पुढचं बघू.