स्वतंत्र कॉलेज फुटबॉल टीमने कॉन्फरन्समध्ये जावं का?

अमेरिकेत बहुतेक कॉलेज टीम्स कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात असतात; कुठल्याच गटात नसलेली ती स्वतंत्र. प्रश्न सगळ्या स्वतंत्र टीम्सबद्दल विचारलाय, पण रोख नोट्र डेम विद्यापीठावरच आहे हे उघड आहे. मी तिथे शिकलो, म्हणून सरळ सांगतो: जाऊ नये.

१३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री मी साउथ बेंडच्या आमच्या स्टेडियममध्ये होतो. समोर टेक्सस ए अँड एम, शेजारी माझे दाजी. दाजी पर्ड्यूचे, म्हणजे बिग टेन या कॉन्फरन्सच्या मूळ संस्थापकांपैकी एका कॉलेजचे. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर त्यांचा मला एकच प्रश्न असतो, "अरे, किती दिवस एकटे राहणार तुम्ही?"

जेमतेम तीन मिनिटं उरली होती, तेव्हा आम्ही टचडाउन (सहा गुण) केला. ४०-३४. आता फक्त त्यानंतरच्या एका जादा गुणाची, एक्स्ट्रा पॉइंटची किक, रोजच्या सरावातली. स्नॅप, म्हणजे मागे फेकलेला बॉल, आला आणि किकसाठी तो धरणाऱ्या होल्डरच्या हातात बसलाच नाही. किक झालीच नाही. माझ्या पोटात तिथेच गोळा आला. तो एक गुण नडणार हे दिसतच होतं. १३ सेकंद राहिले असताना त्यांनी चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, टचडाउन काढला आणि त्यांची किक मात्र दोन खांबांच्या मधून गेली. ४१-४०. आमच्या रांगेतलं कुणी जागचं उठेना. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोलले काहीच नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

त्याआधी मायामीकडून २७-२४ हरलो होतो. पुढच्या दहाच्या दहा जिंकल्या. ७ डिसेंबरला राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफच्या बारा टीम्स जाहीर होताना मी ताईकडेच होतो. मायामी आत, आम्ही बाहेर. आणि सप्टेंबरमध्ये गप्प राहिलेले दाजी आता म्हणाले, "कॉन्फरन्समध्ये असतात, तर आज आत असतात."

तेव्हा घशातून शब्द फुटला नाही. आता बोलतो. त्याच वर्षी एसीसी ही कॉन्फरन्स जिंकली ड्यूकने. कॉन्फरन्सचे चॅम्पियन, तरी बाहेर. बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) २०११ ते २०२२ स्वतंत्र होती, २०२३ ला बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये गेली. २०२५ ला अकरा जिंकल्या, दोनच हरल्या, तरी बाहेर. आम्ही हरलो ते दोन मॅच मिळून चार गुणांनी. हातातून सुटलेला तो स्नॅप कुठल्या कॉन्फरन्सने झेलला असता? आणि २०२४ ला नियम असा होता की पहिल्या फेरीची सूट (न खेळता पुढे जाणं) फक्त कॉन्फरन्स चॅम्पियनला. आम्हाला ती मिळणं शक्यच नव्हतं. तरी इंडियाना, जॉर्जिया, पेन स्टेट अशा तिघांना हरवून फायनलला गेलो.

हे एकटेपण आम्ही हौसेने घेतलेलं नाही. १९२० च्या दशकात बिग टेनचं दार ठोठावलं होतं, त्यांनी उघडलं नाही. मग टीम रेल्वेने देशभर फिरून मॅच खेळली, यूएससीविरुद्धची (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) मालिका १९२६ ला सुरू झाली, गावोगावी चाहते झाले. त्यांच्यामुळेच १९९१ पासून एनबीसी चॅनल आमच्या घरच्या मॅच दाखवतं. १९९९ ला बिग टेनने स्वतः बोलावलं, तेव्हा आमच्या विश्वस्तांनी नाही म्हटलं. बरोबर केलं.

हां, हे नोट्र डेमपुरतंच धरा. स्वतःचा टीव्ही करार नसेल तर खुशाल जा. आर्मी (लष्करी अकादमीची टीम) २०२४ ला अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेली आणि पहिल्याच वर्षी चॅम्पियन झाली. युमासही (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) २०२५ ला परत मॅक कॉन्फरन्समध्ये गेली, तेही योग्यच. आणि आम्ही अगदीच एकटे आहोत असंही नाही. आमचे बहुतेक बाकीचे खेळ २०१३ पासून एसीसीतच आहेत, फुटबॉल टीमही दरवर्षी साधारण पाच मॅच त्यांच्याशी खेळते.

दाजी, तुम्ही हे वाचाल हे माहीत आहे. पर्ड्यू २०२५ ला बिग टेनमधल्या नऊच्या नऊ मॅच हरली, तरी दर शनिवारी तुम्ही तो काळा-सोनेरी शर्ट घालून टीव्हीसमोर बसलात. तेव्हा कॉन्फरन्स बदला असं मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही.