कलम 498अ (आताचं कलम 85) जामीनपात्र आणि तडजोडीयोग्य करावं का?

नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बाईला क्रूरतेने वागवणं, हा या कलमातला गुन्हा. जामीनपात्र म्हणजे जामीन हक्काने मिळणं, तडजोडीयोग्य म्हणजे आपसात मिटवून खटला संपवता येणं. जामीनपात्र करा नाहीतर नका करू, माझ्यासारखीला त्याने काडीचा फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेशकुमार निकालापासून पोलिसांना या कलमात उठसूट अटक करता येत नाही, आधी नोटीस द्यावी लागते. जुलै 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची नियमावली उचलून धरली: तक्रारीनंतर दोन महिने अटक नाही, प्रकरण आधी कुटुंब कल्याण समितीकडे. अशाच समित्या सर्वोच्च न्यायालयानेच 2018 मध्ये मोडीत काढल्या होत्या. तेव्हा तक्रार केली की नवरा लगेच आत, हे आता कोणी सांगू नये. माझं भांडण वेगळं आहे. ‘क्रूरता’ कशाला म्हणायचं, तिथेच कायदा अपुरा आहे.

मी शाळेत शिकवते. सासर ते शाळा साडेचार किलोमीटर. रोज संध्याकाळी मी गाडी लावली की नवरा खाली जाऊन मीटर बघून यायचा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्याखाली, लाल पेनने दिवसाचं रनिंग लिहायचा. नऊ असलं की काही बोलायचा नाही. बारा असलं की, ‘वरचे तीन कुठले?’ मेडिकलमध्ये गेले होते म्हटलं की पावती दाखव. पगार माझा, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. पेट्रोल तोच भरायचा, शंभराचं. हात एकदाही उचलला नाही, आवाजही चढवला नाही. शेवटी मी वाटेत वळायचंच सोडलं. शाळा ते घर, सरळ.

दादाला सांगितलं तर म्हणाला, “मारलं असतं ना, तर मी स्वतः येऊन तुला घेऊन गेलो असतो. मीटर बघतो म्हणून कोणी संसार मोडतं का?”

2019 मध्ये एकटीच पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या मॅडम वाईट नव्हत्या. मारहाण? नाही. मेडिकल रिपोर्ट? नाही. माहेरून पैसे आणायला सांगतात? नाही. “मग ताई, यात लिहू काय?” समुपदेशनाला पाठवलं. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत मला सांगण्यात आलं की त्यांना तुमची काळजी वाटते.

कलमात दोनच गोष्टी बसतात. एक, बाई आत्महत्या करेल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा होईल असं जाणूनबुजून वागणं. दोन, पैशा-मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी छळ. 1983 मध्ये हे कलम आलं तेव्हा घरोघरी स्टोव्ह भडकत होते, त्यामुळे ही व्याख्या तेव्हा समजण्यासारखी होती. पण 1 जुलै 2024 ला जुन्या दंड संहितेच्या जागी नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा तरी ती बदलायची होती. तीच व्याख्या उचलून कलम 86 मध्ये ठेवली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 पासून जोडीदाराला सतत धाकात, ताब्यात ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तिथे एकेक प्रसंग सुटा बघत नाहीत, वागण्याची सगळी साखळी बघतात. मला इथे ते हवंय.

कोणी म्हणेल, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे की. आहे, आणि त्यानेच मला वाचवलं. त्यात आर्थिक आणि मानसिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. पण त्यात आधी आदेश मिळवा, तो नवऱ्याने मोडला तर गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं त्यात म्हटलंय. माझ्या अर्जाला चौदा महिने लागले. तारखेला मी कॅलेंडरची अकरा पानं घेऊन गेले होते. त्याचे वकील म्हणाले, पेट्रोलचा हिशोब ठेवणं हा काय छळ? न्यायाधीश बाईंनी उत्तर दिलं नाही, एकेक पान शेवटपर्यंत उलटून बघितलं.

तडजोडीचं म्हणाल तर फौजदारी न्यायव्यवस्था सुधारण्यासाठी नेमलेल्या मलिमथ समितीने 2003 मध्ये जामीन आणि तडजोड दोन्ही सुचवलं होतं. विधी आयोगाने 2012 मध्ये म्हटलं, न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ द्या, पण गुन्हा अजामीनपात्रच ठेवा. मला आयोगाचं पटतं. बाईने स्वतः न्यायाधीशासमोर सांगावं. बैठकीत मामा-काकांनी तिच्या वतीने सांगू नये.

आणि हो, खोटी नावं घातली जातात हेही खरं आहे. मी अर्ज करायचं ठरवल्यावर हाच दादा म्हणाला, नणंदेचं नाव घाल, वजन येतं. नणंद नागपूरला, दिवाळीला दोन दिवस यायची. मी घातलं नाही. नवीन गुन्हा आणला तर त्यातही हे होईल, म्हणून पुराव्याची अट कडक हवी. शिवाय मला पगार होता. जिचं घर नवऱ्याच्या मजुरीवर चालतं, तिला तो तुरुंगात जाऊन काय मिळणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दादा अजूनही म्हणतो की मी घाई केली. दादा, तू हे वाचशीलच. ऑक्टोबरचं पान माझ्या कपाटात आहे. 14 तारखेखाली 31 लिहिलंय, त्याला दोनदा गोल केलाय. त्या दिवशी मी शाळेतून तुझ्याकडे आले होते आणि तू मला चहा पाजून, अंधार पडायच्या आत परत पाठवलं होतंस.