गावाचं वय आणि मठाचं दानपत्र

पूर्व स्वित्झर्लंडमधल्या गोसाऊचा पहिला उल्लेख ८२४ सालचा, हेरिसाऊचा ८३७ सालचा. मग ही गावं सेंट गॅलनच्या मठानेच वसवली का, असं तुम्ही विचारलंय. नाही. ही सालं ज्या कागदावर गावांची नावं आली त्या कागदाची आहेत, गावांची नव्हेत. खरं तर कागदाचीही नव्हेत, चर्मपत्राची.

गॅलस हा आयरिश परंपरेतला साधू ६१२च्या सुमारास श्टाइनाख ओढ्याकाठी येऊन राहिला. त्या जागी ७१९ साली ओटमार या पहिल्या मठाधिपतीने रीतसर मठ उभा केला, आणि आसपासचे आलेमान्नी (त्या भागातली जर्मन जमात) शेतकरी आपल्या जमिनी मठाच्या नावे करू लागले. म्हणजे दान देणारं गाव आधीपासून नांदतं होतं. कुणीतरी शेत दिलं, लेखनिकाने ते कुठलं हे लिहून ठेवलं, आणि तेवढ्यामुळे गावाचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं. शेजारच्या एखाद्या गावाने काहीच दिलं नसेल, तर ते तितकंच जुनं असूनही इतिहासात शेकडो वर्षं उशिरा उगवतं. म्हणून पहिल्या उल्लेखावरून कुठलं गाव आधीचं हे ठरवू नका.

आता दान म्हणजे काय, ते नीट बघायला हवं. बऱ्याच दानपत्रांत देणारा जमीन मठाला देतो आणि त्याच दमात वार्षिक खंडावर स्वतःकडे कसायला परत घेतो. आठव्या शतकातला खंड साधारण असा असे: तीस मापं बीअर, चाळीस पाव, एक डुकराचं पिल्लू, शिवाय मठाच्या शेतात ठरलेली नांगरट आणि कापणीचे दिवस. आत्म्याच्या कल्याणाची श्रद्धा त्यात होतीच, पण त्या मुलखावर सत्ता बसवणाऱ्या फ्रँक राज्याच्या सरदारांच्या दांडगाईपुढे मठाचा आधार हवा, हाही हिशेब होता. तो आधार मठालाही महागात पडे. जमिनींच्या झगड्यात खुद्द ओटमारला सरदारांनी कैद केलं आणि ७५९ साली तो ऱ्हाईनमधल्या वेर्ड बेटावर कैदेतच वारला.

मला या दानपत्रांत सगळ्यात मोलाचा वाटतो तो लेखनिकाचा कच्चा मजकूर. व्यवहार पुष्कळदा गावातच, साक्षीदारांसमोर होई. लेखनिक चर्मपत्राच्या कडेला किंवा पाठीवर दान देणाऱ्याचं नाव, जागा, साक्षीदार भराभर टिपून घेई आणि पक्का मजकूर मागाहून लिही. ही टिपणं काही पत्रांवर आजही दिसतात. राजेरजवाड्यांच्या बखरीत ज्यांना कधी जागा मिळाली नसती, अशा साध्या शेतकऱ्यांची नावं तिथे ओळीने आहेत. सन १००० पूर्वीची अशी सातशेहून अधिक मूळ पत्रं एकाच ठिकाणी टिकली आहेत. युरोपात हे फार दुर्मिळ.

हे टिकणं सोपं नव्हतं. ९२६ साली हंगेरियन स्वार चालून आले तेव्हा मठाची पुस्तकं कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायखेनाऊ बेटावरच्या मठात हलवली होती. ९३७ची आगही मठाने सोसली.

पुढे नातं बिघडलं. मठ सरंजामी सत्ता झाला. वसुलीच्या जाचाविरुद्ध मठाच्या अमलाखालच्या आपेनझेल प्रदेशाचे लोक उठले आणि त्यांनी १४०३ साली फ्योगेलिन्सएग इथे मठाच्या बाजूच्या सैन्याला हरवलं, १४०५ साली श्टोस इथे मठाच्या मदतीला आलेल्या ऑस्ट्रियाच्या सैन्याला. ८३७च्या पत्रातलं हेरिसाऊ आज त्याच आपेनझेल प्रदेशाच्या आउसररोडन या अर्ध्या भागाचं मुख्य गाव आहे. मठ १८०५ साली विसर्जित झाला, पण ग्रंथालय आणि दफ्तर वाचलं; मठ-परिसर १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

जाणार असाल तर ग्रंथालयाच्या सुंदर दालनावरच थांबू नका, दफ्तराचं प्रदर्शनही बघा. नवव्या शतकातला मठाचा प्रसिद्ध आराखडा तिथेच आहे, पाच चर्मपत्रं शिवून केलेला. त्यात गुरांचे गोठे, बेकरी, बीअर गाळायची जागा सगळं आखलंय. गावाकडून येणारं धान्य आणि जनावरं मठाला कशासाठी लागत, हे त्यावरून चटकन कळतं. जायला जमलं नाही, तर यातली बरीच हस्तलिखितं आता इंटरनेटवर फुकट बघता येतात. लॅटिन येत नसलं तरी पत्राच्या शेवटाकडची साक्षीदारांची नावं लावायचा प्रयत्न जरूर करा.